दारावरची पाटी

बेंगळुरूच्या मल्लेश्वरम भागात आमच्या परिचयाच्या एक मराठी भगिनी राहतात. गेली अनेक वर्षे त्या घरच्या घरी ब्लाउज शिवून देतात. काम नेटके, बोलणे गोड आणि दिलेली तारीख पाळण्याची सवय. त्यामुळे एकीने दुसरीला सांगावे आणि दुसरीने तिसरीला, अशा रीतीने त्यांचा व्यवसाय चालत आलेला. २०२४ च्या आरंभी शहरात दुकानांच्या पाट्या आणि त्यांवरील कन्नड अक्षरे यांविषयी घरोघर चर्चा चालली होती. तेव्हा या भगिनींनाही वाटले, की आपल्या फाटकावर एक पाटी असावी आणि ती कन्नडात असावी. त्यांना कन्नड बोलता उत्तम येते, पण लिहिता येत नाही. म्हणून त्यांनी मजकूर नागरी अक्षरांत लिहून एका छपाईवाल्याकडे दिला. दोन दिवसांत झगझगीत फ्लेक्सची पाटी तयार होऊन आली आणि मोठ्या हौसेने फाटकावर चढली.

तिसऱ्या दिवशी समोरच्या घरातील अज्जी आल्या आणि हसत हसत म्हणाल्या, "काय गं, शिवणकाम सोडून पुरणपोळ्या विकायला लागलीस होय?"

झाले होते असे. कन्नडात शिवणकामाला 'होलिगे' म्हणतात. त्यातील 'हो' ऱ्हस्व आणि मधले अक्षर 'ल'. पुरणपोळीला म्हणतात 'होळिगे'. तेथे 'हो' दीर्घ आणि मधले अक्षर 'ळ'. आपल्या नागरी लिहिण्यात ऱ्हस्व 'ओ' आणि दीर्घ 'ओ' यांना वेगवेगळी खूण नाही. कन्नडात ती आहे. छपाईवाल्याने कागदावरचे 'होलिगे' दीर्घ वाचले, आणि पुष्कळ अमराठी माणसे 'ळ' च्या जागी 'ल' लिहितात हे ठाऊक असल्याने त्याचा 'ळ' करून आपल्या समजुतीने चूक सुधारलीही! उगादीचा सण जवळ आला होता. दोन बायका डझनभर पोळ्यांची मागणी नोंदवावयास येऊन गेल्याही होत्या, आणि बाईंना त्याचा उलगडा होत नव्हता.

हसण्यावारी जाणारी ही गोष्ट आहे खरी. पण तीत एक गंभीर भाग आहे. घरगुती व्यवसायाला वर्तमानपत्रातील जाहिरात परवडत नाही. त्याची सगळी जाहिरात म्हणजे दारावरची ती दोन-तीन फुटांची पाटी. ती चुकली, वाचता आली नाही, उन्हाने विटली किंवा वाऱ्याने पडली, तर नुकसान त्या घराचे होते. आणि पडताना कोणाच्या डोक्यावर पडली, तर दुसऱ्याही एका घराचे होते. म्हणून पाटी कशी निवडावी, तिच्यावर काय लिहावे आणि ती कोठे लावावी, याचा थोडा विचार येथे करू.

पाटीच्या आधीची पेठ

बेंगळुरू हे शहर या विचाराला फार सोयीचे आहे. १५३७ साली केंपेगौडांनी जी पेठ वसविली, तिला पाट्यांची गरजच नव्हती. रस्त्याचे नाव हीच पाटी होती. अक्की म्हणजे तांदूळ, म्हणून अक्कीपेट. बळे म्हणजे बांगडी, म्हणून बळेपेट. अरळे म्हणजे कापूस, म्हणून अरळेपेट. कुंभारांचे कुंभारपेट आणि तेल गाळणाऱ्या गाणिगांचे गाणिगरपेट. पुण्यातील तांबट आळी आणि बुरूड आळी ही याच जातीची नावे होत. ज्या गल्लीत सगळेच बांगड्या विकतात, तेथे 'येथे बांगड्या मिळतील' असे कोणी कोणाला सांगावयाचे? १६३८ मध्ये बेंगळुरू विजापूरकरांच्या हाती आले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत गेले, तेव्हाही गावाची रचना याच प्रकारची होती.

१८०९ साली इंग्रजांनी पेठेच्या ईशान्येस लष्करी छावणी वसविली. तेथील रस्ते धंद्यांच्या नावांचे नव्हते, आणि गिऱ्हाईक परक्या मुलखातून आलेले. त्याला दुकान शोधावयाचे तर दारावर नाव हवे, आणि तेही इंग्रजीत. एकाच गावात अशी दोन गावे झाली. १९४९ मध्ये एका महानगरपालिकेखाली ती एकत्र आली, तरी पाट्यांच्या दोन रीती पुढे कित्येक वर्षे शेजारी शेजारी नांदल्या.

यातून पाटीचे मूळ प्रयोजन स्पष्ट होते. ज्याला सारे ठाऊक आहे, त्याच्यासाठी पाटी नसते. ज्याला ठाऊक नाही अशा अनोळखी माणसासाठी ती असते. आपण ती आपल्या पैशाने करतो, आपल्या भिंतीवर लावतो, आणि म्हणून ती आपली आहे असे समजतो. वास्तविक ती वाचणाऱ्याची आहे. हे एकदा ध्यानी धरले, की पुढील बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

काय लिहावे आणि काय वगळावे

आमच्या परिचित भगिनींच्या पहिल्या पाटीवर एक दैवताचे चित्र, दुकानाचे चार शब्दांचे नाव, 'फॉल-पिको, अस्तर, नेटचे काम, मुलींचे फ्रॉक' अशी यादी, दोन दूरध्वनी क्रमांक, कामाच्या वेळा आणि फुलांची नक्षी असे सर्व काही होते. त्यामुळे त्यांतील काहीच दिसत नव्हते.

रस्त्यावरून जाणाऱ्याला आपण किती वेळ मागत आहोत, याचा हिशेब करून पाहावा. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी स्कूटर एका सेकंदात सुमारे २७ फूट पुढे जाते. आपली पाटी १०० फुटांवरून दिसू लागली, असे मानले तरी चार सेकंदांच्या आत ती मागे पडते. तेवढ्या वेळात, समोरची वाहने सांभाळून, माणूस पाच-सात शब्दांहून अधिक वाचू शकत नाही. तेव्हा पाटीवर आधी 'येथे काय मिळते' हे असावे. नाव त्यानंतर. ज्याचे नाव सर्वतोमुखी आहे, त्याने नाव मोठे लिहावे. इतरांनी काम मोठे लिहावे.

बेंगळुरूतील काही जुन्या उपाहारगृहांची नावे या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहेत. 'मावळ्ळी टिफिन रूम्स' या संस्थेची परंपरा १९२४ पासूनची. मावळ्ळी हा शहराचा भाग, आणि टिफिन हा पदार्थांचा प्रकार. म्हणजे कोठे आणि काय, ही दोन्ही उत्तरे नावातच आली. गांधी बझारमधील 'विद्यार्थी भवन' १९४३ मध्ये सुरू झाले. ते कोणासाठी काढले, हे वेगळे सांगावे लागले नाही. नाव नीट ठेवले, म्हणजे निम्मी पाटी लिहून झाली.

याच शहरातील आणखी एक पाटी पाहण्यासारखी आहे. निवासी भागातील फाटकांवर तळहाताएवढ्या पत्र्याचे 'टु-लेट' टांगलेले असते. कोठे कन्नडातील 'बाडिगे' हा शब्द असतो, जो मराठी माणसाला ऐकताच ओळखीचा वाटतो. त्या पाटीवर खोल्या किती, भाडे किती, यांतील काहीही नसते. तरी घर शोधणारा माणूस ती नेमकी हेरतो, कारण ती एकच गोष्ट सांगते. बाकीचे तो आत येऊन विचारतो.

मग दूरध्वनी क्रमांक आणि वेळा यांचे काय करावे? त्यांना वेगळी, लहान पाटी द्यावी. एक पाटी लांबून वाचण्याची. ती माणसाला दाराशी आणते. दुसरी जवळून वाचण्याची. ती दाराशी उभ्या असलेल्याला, डोळ्यांच्या उंचीवर, इंचभर अक्षरांत, उरलेली माहिती देते. या दोन कामांचा एकाच फळीवर घोटाळा केला, की दोन्ही बिघडतात.

अक्षर केवढे असावे

पाट्या रंगविणाऱ्यांत एक सोपा हिशेब रूढ आहे: दर १० फूट अंतरासाठी अक्षराची उंची १ इंच. समोरच्या पदपथावरून, म्हणजे ४० फुटांवरून, सहज वाचता यावयाचे असेल तर अक्षर ४ इंचांचे हवे. १०० फुटांवरून वाचावयाचे असेल तर १० इंचांचे. तीक्ष्ण नजरेचा तरुण याहून लहान अक्षरही वाचील. परंतु पाटी आपण अज्जींसाठीही लावीत असतो.

हा हिशेब मुळात इंग्रजी अक्षरांसाठी बसविलेला आहे. आपल्या लिपींना जागा थोडी अधिक लागते, आणि ती कोठे लागते हे लिपीगणिक बदलते. नागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, खाली उकार येतात. जोडाक्षरे मात्र बहुधा बाजूला पसरतात. कन्नडात पुष्कळ अक्षरांच्या माथ्यावर 'तलकट्टु' नावाची स्वतंत्र खूण असते, ती आपल्या शिरोरेषेसारखी सलग नसते. आणि जोडाक्षरातील दुसरे व्यंजन 'ओत्तु' म्हणून खाली लटकते. 'चिक्कपेटे' या शब्दात 'क्क' मधील दुसरा 'क' ओळीखाली जाईल. म्हणून कन्नड ओळीखाली पुरेशी जागा सोडली नाही, तर तो ओत्तु खालच्या इंग्रजी ओळीत शिरतो आणि दोन्ही ओळी गढूळ होतात.

अक्षराची जाडी हाही असाच विषय आहे. जाड अक्षर ठळक दिसते हे खरे. पण फार जाड केले की त्याच्या पोटातील पोकळी बुजते. कन्नडातील 'द', 'ध' आणि 'थ' यांचे आकार जवळजवळ सारखे असून ते एखाद्या लहानशा रेघेने किंवा टिंबाने ओळखावयाचे असतात. नागरीत 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची तीच अडचण. रेघेची जाडी अक्षराच्या उंचीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याच्या आसपास ठेवली, तर पोकळ्या मोकळ्या राहतात. पाटीच्या कडांनाही दोन-तीन बोटे रिकामी जागा सोडावी. ती वाया जात नाही. तिच्यामुळेच अक्षरे उठून दिसतात.

रंगांचे गणित

रंगांची निवड करताना घरातील मंडळींचे मतभेद होतात आणि शेवटी प्रत्येकाच्या आवडीचा एकेक रंग घेतला जातो. तसे करू नये. वाचनीयता रंगाच्या सौंदर्यावर अवलंबून नसून अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील उजेड-अंधाराच्या फरकावर अवलंबून असते. पिवळ्यावर काळे, पांढऱ्यावर गडद निळे, गडद हिरव्यावर पांढरे हे जोड चांगले. लाल अक्षरे हिरव्या पार्श्वभूमीवर कधीही लिहू नयेत; दोन्ही रंग सारख्याच गडदपणाचे असल्याने डोळ्यापुढे थरथरतात, आणि काही पुरुषांना तर लाल आणि हिरवा यांतील भेद जन्मतःच उमगत नाही.

याचा उत्तम नमुना आपण सर्वांनी पाहिलेला आहे: रेल्वे स्थानकाचा पिवळा फलक. पिवळी जमीन, काळी अक्षरे. वर प्रांताची भाषा, मग हिंदी, मग इंग्रजी. नक्षी नाही, विशेषणे नाहीत. धावत्या गाडीच्या खिडकीतून, पावसात आणि संधिप्रकाशातही तो वाचता येतो. तीन लिपी एका फलकावर कशा नांदवाव्यात, असा प्रश्न पडला तर कोणा तज्ज्ञाकडे जाण्याआधी जवळच्या स्थानकावर जाऊन यावे.

कोणती लिपी वर

भाषेचा प्रश्न नाजूक असतो, पण तो टाळता येत नाही. २७ डिसेंबर २०२३ रोजी बेंगळुरूत पाट्यांवर कन्नडाला स्थान मिळावे यासाठी मोर्चे निघाले आणि काही ठिकाणी इंग्रजी फलकांची मोडतोडही झाली. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटक विधिमंडळाने कन्नड भाषेच्या सर्वंकष विकासासंबंधीच्या २०२२ च्या कायद्यात दुरुस्ती संमत केली. तीनुसार व्यावसायिक नामफलकाचा ६० टक्के भाग कन्नडात असावा आणि कन्नड मजकूर फलकाच्या वरच्या भागात असावा, असे ठरले.

महाराष्ट्रातील वाचकांना हे परके वाटावयास नको. २०२२ मध्ये महाराष्ट्राने दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती करून, दहाहून कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही मराठी नामफलक आवश्यक केला, आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांहून लहान नसावीत असे ठरविले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. आपल्या गावी आपण जी अपेक्षा इतरांकडून करतो, तीच दुसऱ्याच्या गावी आपल्याकडून केली जाते, एवढाच याचा अर्थ.

कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार हेच सांगतो. आमच्या परिचित भगिनींच्या गल्लीत फुलवाली, भाजीवाली, शाळेतील शिक्षिका आणि अज्जी यांना कन्नड वाचता येते. त्याच त्यांच्या गिऱ्हाईक. त्यांची लिपी वर लिहिणे हे शेजाऱ्याला आधी नमस्कार करण्यासारखे आहे. आपली मराठी खाली, लहान अक्षरांत लिहिली म्हणून ती लहान होत नाही. चुकून त्या गल्लीत आलेल्या मराठी माणसाला ती तेवढ्यानेही हाक मारते.

आणि या दोन लिपींत पुष्कळ देवघेव झालेली आहे. रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) हे नामवंत सुलेखनकार. जाहिरातक्षेत्रात काम करून पुढे त्यांनी मुंबईच्या आयआयटीत अध्यापन केले. संगणकावर नागरी लिहिणाऱ्यांना वर्षानुवर्षे परिचित असलेला 'मंगल' हा अक्षरसंच त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडला. आणि विंडोज संगणकांवरील 'तुंगा' हा कन्नड अक्षरसंचही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली घडला. कर्नाटकातील असंख्य कागद आणि पाट्या ज्या अक्षरांत उमटल्या, त्यांच्यामागे एक मराठी हात होता. पुढच्या पिढीत मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने 'बालू' हा गुबगुबीत अक्षरसंच अनेक भारतीय लिपींत केला. त्याच्या कन्नड रूपाचे नाव 'बालू तम्मा'. दोन लिपी एकाच वळणाच्या हव्या असतील, तर असे भावंडांसारखे अक्षरसंच निवडावेत. ते विनामूल्य उपलब्ध आहेत.

मात्र कोणताही अक्षरसंच घेतला, तरी शुद्धलेखन तो तपासून देत नाही. ज्याची मातृभाषा ती आहे अशा दोन माणसांकडून, त्यांतील एक वयस्क असल्यास उत्तम, कच्चा नमुना मोठ्याने वाचून घ्यावा. मगच रंगास अथवा छपाईस द्यावा.

पत्रा, फळी आणि फ्लेक्स

पूर्वी पाटी म्हणजे रंगविलेला पत्रा किंवा लाकडी फळी. पत्र्याला घासून आधी रेड ऑक्साइडचा हात द्यावयाचा, तो वाळल्यावर एनॅमल रंगाचे दोन हात. खडू लावलेला दोरा ताणून त्याच्या फटकाऱ्याने ओळी आखावयाच्या, खडूने अक्षरे मांडून पाहावयाची आणि मग ब्रशने भरावयाची. या कलेला आपल्याकडे थोर परंपरा आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) पडदे रंगविता रंगविता चित्रपटांकडे वळले आणि त्यांनी आपल्या चित्रपटांच्या जाहिराती स्वतः रंगविल्या. मकबूल फिदा हुसेन यांनीही १९३० च्या दशकात मुंबईत सिनेमाचे फलक रंगविले होते.

पुढे संगणकावर छापलेला फ्लेक्स आला. तो स्वस्त, झटपट आणि हवे ते चित्र देणारा. त्यापुढे ब्रशचा निभाव लागेना आणि गावोगावच्या रंगाऱ्यांना दुसरे काम शोधावे लागले. परंतु फ्लेक्स हे पीव्हीसी या प्लॅस्टिकचे कापड आहे. ते कुजत नाही आणि जाळले तर विषारी वायू सोडते. कर्नाटकाने मार्च २०१६ मध्ये ज्या प्लॅस्टिकच्या वस्तूंवर बंदी घातली, त्यांत फ्लेक्सही होता. तरी रस्तोरस्ती तो दिसतच राहिला. १ ऑगस्ट २०१८ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने बेंगळुरूतील बेकायदा फ्लेक्सविषयी कडक शब्दांत आदेश दिला आणि त्याच दिवशी कर्मचाऱ्यांनी हजारो फलक उतरविले. पाठोपाठ महानगरपालिकेने जाहिरातींच्या मोठ्या फलकांवरही बंदीचा ठराव केला.

घराच्या पाटीसाठी आजही रंगविलेला पत्रा उत्तम. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फुटांवर आहे. हवा सुखद असली तरी ऊन प्रखर असते, आणि पाऊस उन्हाळ्याच्या अखेरीपासून थेट दिवाळीच्या आसपासपर्यंत येत-जात राहतो. अशा हवेत स्वस्त लाल रंग सर्वांत आधी विटतो. पत्र्याची पाटी चार-पाच वर्षांनी पुन्हा रंगविता येते. फ्लेक्स विटला की टाकावाच लागतो. खर्च अधिक करण्याची ऐपत असेल, तर ॲक्रिलिक किंवा पोलादाची कापलेली अक्षरे टिकाऊ असतात. दिव्याची पाटी करावयाची झाल्यास प्रकाश अक्षरांवर पडावा, समोरच्याच्या शयनगृहात नव्हे.

वारा, झाड आणि पादचारी

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा समोरून आदळला, तर दर चौरस फुटावर सुमारे साडेचार किलोचा भार पडतो. ३ फूट रुंद आणि २ फूट उंच पाटी म्हणजे ६ चौरस फूट. तिच्यावर २७ किलोचा दाब. ८ फूट बाय ३ फुटांच्या पाटीवर तो शंभर किलोंच्या वर जातो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. दोन खिळे आणि थोडी तार यांच्या भरवशावर पाटी टांगणारा गृहस्थ आपल्या दारावर केवढे ओझे लटकवीत आहे, याची त्याला कल्पना नसते.

१३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे वादळी वाऱ्यात एक प्रचंड जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे प्राणास मुकली. जेथे ४० फूट बाय ४० फुटांची मर्यादा होती, तेथे तो १२० फूट बाय १२० फुटांचा उभा होता. आपली पाटी त्याच्या तुलनेत चिमुकली खरी; पण नियम एकच. पाटी गरजेहून मोठी करू नये, भिंतीत पक्के बोल्ट घालून बसवावी, आणि पावसाळ्यापूर्वी दरवर्षी एकदा हाताने हलवून पाहावी.

झाडाला खिळा ठोकून पाटी लावण्याची वाईट चाल सर्वत्र आहे. खिळ्याने साल फुटते, जखमेतून कीड शिरते आणि छाया देणारे झाड हळूहळू खचते. पुण्यात तरुणांनी झाडांतील असे खिळे उपटण्याची मोहीम चालविली होती. पदपथावर उभी केलेली घडीची पाटी चाकाच्या खुर्चीला, लहान मुलांच्या गाडीला आणि अंध व्यक्तीला रस्त्यावर उतरावयास लावते. ज्याच्या सोयीसाठी पाटी, त्याच्याच वाटेत ती आडवी यावी, हा उलटा न्याय झाला.

सार्वजनिक जागी विनापरवाना जाहिरात लावणे कर्नाटकात १९८१ च्या विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. बेंगळुरूत २ सप्टेंबर २०२५ पासून एका महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका असून त्यांवर ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण आहे. तेव्हा पाटी करावयास देण्यापूर्वी आपल्या भागाच्या पालिका कार्यालयात परवान्याची चौकशी करावी. जुन्या ऐकीव माहितीवर विसंबू नये.

पुन्हा मल्लेश्वरम

आमच्या परिचित भगिनींनी ती फ्लेक्सची पाटी उतरविली आणि या खेपेस पाटीचा मजकूर अज्जींच्या ओसरीवर बसून ठरला. पत्रा ३ फूट बाय २ फूट. रंग पिवळा, अक्षरे काळी. वरच्या साठ टक्के भागात, १४ इंचांच्या पट्टीत, दोन ओळी कन्नडाच्या: 'रविके' आणि 'होलिगे', अक्षर ४ इंचांचे, कारण गल्लीच्या पलीकडून अंतर ४० फुटांचे. त्याखाली इंग्रजीत 'ब्लाउज स्टिचिंग', आणि शेवटी एका बारीक ओळीत मराठीत 'ब्लाउज शिवून मिळतील'. दैवताचे चित्र घरातील देव्हाऱ्यात राहिले. दूरध्वनी आणि वेळा यांची लहानशी पाटी बेलच्या बटणाशेजारी लागली. पेठेतील एका वृद्ध रंगाऱ्याने दोन दिवसांत काम पुरे केले. खडूची अक्षरे मांडून झाल्यावर त्याने ब्रश हाती घेण्यापूर्वी अज्जींना बोलावले. अज्जींनी चष्मा लावून दोनदा वाचले, 'हो' ची मात्रा बोटाने दाखविली आणि मान हलविली.

उगादीला त्या भगिनींनी अज्जींकडे एक डबा पाठविला. त्यात काय होते, हे वाचकांनी ओळखले असेलच. त्या घरी पुरणपोळ्याही उत्तम होतात. फक्त त्या विकावयाच्या नसतात.